मामाच्या पट्ट्याला मारलेलं निकेल

सिनेमावाल्यांवर माझा राग आहे आणि तो मी कुणाच्या सांगण्यावरून सोडणार नाही. आता वय झालं, बीपीची गोळी चालू आहे, बायको म्हणते कशाला उगाच रक्त आटवताय. पण टीव्हीवर कुणी चिलखतवाला घोडा उधळत येताना दिसला, की माझ्या तळपायाची आग मस्तकात जाते. घरातली पोरं मग मुकाट्यानं चॅनल बदलतात.

कोल्हापुरात उद्यमनगरच्या एका बोळात माझं निकेल-क्रोमचा मुलामा चढवायचं दुकान होतं. दोन टाक्या, एक बफिंगची मोटर आणि ॲसिडच्या वासानं कायम चुरचुरणारे डोळे. मोटरसायकलचे सायलेन्सर, सायकलची हँडलं, बँडवाल्यांची वाद्यं, असलं काहीबाही घासून चकचकीत करून द्यायचं, हा धंदा. तलवारीशी माझा काडीचा संबंध नव्हता. तो सिनेमानं जोडून दिला.

नव्वदच्या सुमाराला गल्लोगल्ली व्हिडिओ आले, मागोमाग केबल आली. त्यावर परदेशातल्या जुन्या काळचे सिनेमे लागायचे. डोक्यापासून नखापर्यंत पत्र्यात कोंबलेले सरदार, त्यांच्या घोड्यांच्या तोंडालाही पत्रा. भाषा कुणाच्या बापाला कळत नव्हती, पण तलवारी कळत होत्या. मग आपल्याकडच्यांनीही तेच उचललं. ऐतिहासिक म्हणून जो सिनेमा यायचा त्यात तलवार आपली पांढरीफेक, आणि म्यानातून काढली की खण्ण करून आवाज. अहो, म्यान असतं लाकडाचं, वरून कातडं. लाकडातून लोखंड उपसलं तर खण्ण कशाला होईल? पण हे पोरांना सांगायचं कुणी? ती थिएटरातनं बाहेर पडायची ती थेट माझ्या दारात.

"पावणं, हिला जरा चमक मारा की."

कुणी जत्रेतली तलवार आणायचा, कुणी घरातला जुना खंजीर. एकानं तर आज्ज्याचं शिरस्त्राण म्हणून जे आणलं ते उलटं केल्यावर पितळी पातेलं निघालं. मी सगळं घासलं. का ते विचारू नका, पोट होतं मागं.

कोल्हापुरात गणपतीला सजीव देखावे करतात. मंडपात खरी माणसं वेष करून इतिहासातला प्रसंग उभा करतात, लाऊडस्पीकरवर संवाद लागतात आणि लोक रांगा लावून बघतात. पूर्वी मावळा म्हणजे मुंडासं, बाराबंदी आणि हातात ढाल, एवढ्यात भागायचं. त्या वर्षी आमच्या भागातल्या एका मंडळाचा अध्यक्ष दुकानात आला आणि म्हणाला, बारा मावळ्यांना फुल्ल चिलखत पाहिजे. छातीला पत्रा, मांडीला पत्रा, तोंडावर वर-खाली होणारं झाकण.

"त्या विंग्लिश पिक्चरमधल्यागत करा," तो म्हणाला.

मी म्हटलं, "मर्दा, मावळा घाट चढायचा. ह्यात त्याला घराचा जिना चढता येणार न्हाय. आन् तोंडाला झाकण कशाला? त्यो भाकरी कुठनं खाणार?"

"पब्लिकला आवडतंय," अध्यक्ष म्हणाला. ह्या दोन शब्दांपुढं आजवर कुणाचं चाललंय?

केली चिलखतं. शेजारच्या पत्र्याच्या दुकानात ठोकून घेतली आणि मी निकेल मारलं. देखाव्याच्या दुसऱ्या दिवशी दोन मावळे हॅलोजनखाली उभ्याउभ्या घेरी येऊन पडले. लोकांना वाटलं, लढाईत पडले. टाळ्या वाजवल्या. मला त्या टाळ्यांचा इतका संताप आला की मी मंडपाच्या मागं जाऊन अध्यक्षाला चार शिव्या हासडल्या. तो हसत होता. पहिला नंबर त्याच्याच मंडळाला मिळाला. आणि मी शिव्या घालून घरी आलो ते काही चिलखतं परत घेऊन आलो नाही. पुढच्या वर्षी दुसऱ्या मंडळाची केली.

हे सगळं एक वेळ पोटात घातलं असतं. पण ते माझ्या मामापर्यंत जाऊन पोचलं.

माझं आजोळ कोडोलीच्या पुढं, पन्हाळ्याच्या अंगाला. मामा म्हणजे आईचा थोरला भाऊ. उभा-आडवा गडी, दोन एकर ऊस, आवाज असा की बांधावरून हाक मारली तर ओढ्यापलीकडचा माणूस वळून बघायचा. गावात त्याला आबा म्हणायचे. त्याला फुशारकी एकाच गोष्टीची. घरात पट्टा होता. लांबलचक, सरळ, लवलवणारं पातं आणि कोपरापर्यंत हात आत जाईल अशी लोखंडी मूठ. कधीकाळी त्यांच्या घरातला एकजण गडावर होता, त्याचा हा पट्टा, एवढंच पिढ्यान् पिढ्या सांगत आलेले. कागद नाही, पत्र नाही. सोयरीक जुळवायला पाहुणे आले की मामा चहाच्या आधी त्यांना देवघरात नेऊन पट्टा दाखवायचा. मामी म्हणायची, आधी पोरगी तरी दाखवा.

खंडेनवमीला त्याची पूजा. पात्याला तेल, त्यावर हळद, त्यावर कुंकू, आणि मग वर्षभर कुणी हात लावायचा नाही. पुसायचाही नाही. देवाच्या अंगावरचं कुणी पुसतं का, असं त्यांचं म्हणणं. पुढच्या वर्षी त्याच्यावरच पुन्हा तेल, हळद, कुंकू. असे किती थर चढले असतील देव जाणे. पातं काळंकुट्ट झालेलं आणि हाताला चिकट लागायचं.

मामाच्या गावातही सिनेमाची हवा आली. शिवजयंतीला पोरांनी लढाईची मिरवणूक काढायची ठरवली. सगळ्यांकडे बाजारातल्या चकचकीत तलवारी. मामा आपला पट्टा हातात चढवून त्यांच्यात गेला. त्याला वाटलं, पोरं म्हणतील आबा, तुम्ही पुढं व्हा. एक पोरगं म्हणालं, "आबा, ह्यो ऊस तोडायचा कोयता हाय की." दुसरं म्हणालं, "जुन्या बाजारातनं आणलासा काय? खरा असता तर चमाकला असता. पिक्चरमधी बघितलं न्हाय व्हय?" सगळी हसली. हसणाऱ्यांत मामाचा सख्खा चुलतभाऊ पण होता.

त्या दिवसापासून गावात त्याच्या घराला कोयतेवाले म्हणायला लागले. चेष्टेतच, पण म्हणायला लागले. ज्या एका गोष्टीवर हा माणूस आयुष्यभर ताठ चालला, तीच लोकांनी खोटी ठरवली होती, आणि का, तर ती सिनेमासारखी दिसत नव्हती.

आठवड्याभरात मामा एस.टी.नं दुकानात हजर. काखेत पोत्यात गुंडाळलेला पट्टा.

"ह्याला चमाक मार," तो म्हणाला. "अशी मार की डोळं दिपलं पायजेत भडव्यांचं."

तेव्हा दुकानात चाचा बसले होते. आमच्या बोळाच्या तोंडाशी त्यांची धार लावायची सराण होती. शिकलगार. त्यांचे वाडवडील संस्थानच्या काळापासून तलवारी उजळायचं काम करत आलेले, आता चाचा कात्र्या आणि सुऱ्या करायचे. त्यांनी पट्टा मांडीवर घेतला, नखानं थोडं खरवडलं आणि पातं हळूच वाकवून सोडलं.

"ह्याला चाक लावू नका," ते म्हणाले. "माझ्याकडं द्या. चिंच लावतो, राख लावतो, त्याल लावतो. पंधरा दिस हातानं करतो. खाली काय हाय ते आधी बघू द्या."

मामानं विचारलं, "मग चमकंल का?"

"चमकणार न्हाय. दिसंल."

"मला चमकाय पायजे," मामा म्हणाला आणि माझ्याकडं बघायला लागला.

मी काय म्हणालो ते सांगतो, झाकून ठेवत नाही. मी म्हणालो, "चाचा, गिऱ्हाइकाला काय पायजे ते बघायचं असतंय." दहा वर्षं ज्यांचा चहा प्यालो त्या माणसाला मी हे ऐकवलं. चाचा उठले, पट्टा मामाच्या हातात दिला आणि गेले. पुढं दोन महिने माझ्याशी बोलले नाहीत.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी पट्टा एमरीच्या खरखरीत चाकावर धरला. लवलवतं पातं चाकावर धरणं सोपं नसतं. जरा हात हलला की चाक पातं ओढून घेतं आणि अंगावर फेकतं. त्यामुळं नजर सगळी चाकाच्या कडेवर. मुठीकडून सुरुवात केली. आधी कुंकवाचा लाल भुगा उडाला, मग काळा, आणि मग खाली लोखंडावर बारीक बारीक खड्डे दिसायला लागले. गंज खोल गेला असणार, असं मी धरून चाललो. खड्डे ठेवून निकेल मारलं तर ते पापडीसारखं सुटतं. म्हणून तिथं जरा जास्त दाबून धरलं.

हातभर पुढं गेल्यावर लक्षात आलं की हे खड्डे एका ओळीत आहेत. वर एक आडवी रेघ आणि तिला लोंबणारी वळणं. अक्षरं होती. मोडी होती की बाळबोध, तेही मला कळलं नाही, कारण मागची घासून गेली होती आणि पुढची दोन-तीन अर्धवट राहिली होती.

मी मोटर बंद केली. चाक थांबायला वेळ लागतो, ते थांबेपर्यंत मी बघत उभा होतो. चाचांना हाक मारायची, एवढंच करायचं होतं. बोळाच्या तोंडाशीच होते. पण काल त्यांना तसं बोललेलो. आणि मामाला काय सांगणार? अर्धा पट्टा चमकतोय आणि अर्धा काळा आहे, हा घेऊन गावात जा? उरलेल्या दोन-तीन अक्षरांनी कुणाला काय कळणार होतं? असं मी स्वतःला पटवलं. मोटर चालू केली आणि उरलेलंही घासून टाकलं. मग ॲसिड, मग पाणी, मग निकेलची टाकी.

पट्टा असा झाला की त्यात बघून दाढी करावी. मामा आला, बघितला आणि लहान पोरासारखा हसला. पुढच्या शिवजयंतीला तोच मिरवणुकीच्या पुढं होता. उन्हात पट्टा फिरवला की लोक डोळ्यांवर हात धरायचे. कोयता म्हणणारी पोरं त्याच्या पाया पडली. मामानं मला गुळाची ढेप पाठवली, घरचा गूळ, पिवळाधमक. ती संपेपर्यंत मी घरात बिनगोडाचा चहा प्यालो. बायकोला म्हणालो, दात दुखतोय.

दोन हजार साल उलटून गेल्यावर चार-पाच वर्षांनी शहरात एका हॉलमध्ये जुन्या शस्त्रांचं प्रदर्शन भरलं. पुण्याकडचे एक संग्राहक आले होते. तुमच्या घरात जुनं हत्यार असेल तर घेऊन या, तपासून सांगू, असं पेपरात आलेलं. मामानं ते कुणाकडून तरी वाचून घेतलं. गावातली चार माणसं बरोबर घेतली, त्यात तो चुलतभाऊ पण, आणि पट्टा नव्या धोतरात गुंडाळून आला. मला म्हणाला, "एकदा साहेबाच्या तोंडनं ऐकू दे सगळ्यांस्नी. मंग मी मराय मोकळा."

साहेब चाळिशीचे, बोलायला गोड. भिंतीला त्यांची शस्त्रं लावलेली आणि मधोमध काचेत एक परदेशी चिलखत, अख्खं, तोंडाच्या झाकणासकट. लहानपणी एक इंग्रजी सिनेमा बघितला आणि तेव्हापासून हे वेड लागलं, असं ते जमलेल्या लोकांना कौतुकानं सांगत होते. माझं डोकं तिथंच फिरलं होतं.

त्यांनी मामाचा पट्टा हातात घेतला. भिंग लावलं नाही की काही नाही. पात्यावरून अंगठा फिरवला आणि म्हणाले, "छान बनवलाय. शूटिंगसाठी केलेला दिसतो."

मामाला आधी कळलंच नाही. तो म्हणाला, "व्हय, पण किती वर्साचा आसंल?"

"आजोबा, हा सिनेमातला आहे. हे निकेल प्लेटिंग आहे बघा."

मग मी तोंड सोडलं. म्हटलं, निकेल मी मारलंय, ह्या हातानं मारलंय, आत लोखंड जुनं हाय. सिनेमे बघून शहाणे झालेल्यांनी आमच्या घरातली हत्यारं तपासू नयेत. परदेशातला पत्र्याचा बाहुला काचेत ठेवता आणि आमच्या पट्ट्याला शूटिंगचा म्हणता, लाज वाटत नाही? हॉल गोळा झाला. साहेब काही चिडले नाहीत. ते शांतपणे म्हणाले, "जुना असेलही. पण प्लेटिंगच्या आधी तुम्ही पातं घासलं असणार. वरचा सगळा पुरावा त्यात जातो. घासण्याआधी काही खूण होती का? एखादा शिक्का, अक्षरं?"

मामा माझ्याकडं बघत होता. चुलतभाऊ बघत होता. सगळा हॉल बघत होता.

"न्हाय," मी म्हणालो. "काय नव्हतं."

"मग सांगता येणार नाही," साहेब म्हणाले आणि पट्टा मामाला परत दिला. मामानं तो धोतरात गुंडाळला. चुलतभाऊ परतीच्या एस.टी.त काय बोलला असेल ते मी कधी विचारलं नाही.

त्या वर्षी खंडेनवमीला मी आजोळी गेलो. देवघरात विळा, कुऱ्हाड, कुदळ, मोटरीचे पाने, सगळं हळदकुंकू लावून मांडलेलं. पट्टा नाही. मामीला विचारलं तर ती म्हणाली, "दिला की मंडळाच्या पोरांस्नी. देखाव्याला पायजे म्हणीत हुती."

मी मामाला शोधत परड्यात गेलो. तो गोठ्यापुढं वैरण टाकत होता. मी आवाज चढवला. म्हटलं, मामा, अक्कल गहाण टाकलीस काय, घरातला पट्टा तू त्या सिनेमाच्या खुळ्यांना दिलास?

"सिनेमाचाच हाय की त्यो," मामा म्हणाला. आवाज नव्हता त्याला. बांधावरून ओढ्यापलीकडं जाणारा आवाज, आणि शेजारी उभं राहून मला कान द्यावा लागला. "साहेब बोललाय न्हवं? शिकल्याला माणूस. एवढी वर्सं आमी पत्र्याची पूजा केली. माझा बाप बी खुळा आन् आज्जा बी खुळा. कुणीतरी बाजारातनं आणून सांगितलं आसंल, गडावरचा हाय म्हणून. आन् आमी ताठ मानंनं फिरलो."

माझ्या अंगाचा नुसता जाळ झाला. साहेबावर, पोरांवर, त्या अध्यक्षावर, पत्र्यात कोंबलेल्या त्या सगळ्या सरदारांवर. पण तिथं त्यातलं कुणी नव्हतं. मामा होता आणि मी होतो.

"खरा हुता मामा," मी म्हणालो. "अक्षरं हुती त्याच्यावर. मुठीजवळ. मी चाकावर घासली. निम्मी दिसायच्या आत गेली आन् निम्मी दिसल्यावर घासली."

मला वाटलं, आता सोटा उचलून मारतो की काय. मारला असता तरी चाललं असतं. मामा हातातली पेंडी खाली ठेवून माझ्याकडं बघत राहिला. त्याच्या तोंडावर राग नव्हता. त्याला आनंद झाला होता, ते बघून मला जास्त भ्या वाटलं.

"म्हंजे खरा हुता?"

"खरा हुता."

"काय लिवलं हुतं रं? त्येचं नाव हुतं का?"

"वाचलं न्हाय मामा. दिसली एवढंच."

मामा घरात गेला आणि नातीची पाटी आणि खडू घेऊन आला. माझ्यापुढं ठेवली. "काढ," म्हणाला. "दिसलं तसं काढ. मास्तरला दावतो. त्यो लावंल."

मी गोठ्यापुढं उकिडवा बसलो. वरची आडवी रेघ काढली, ती मला चांगली आठवत होती. तिच्याखाली खडू टेकवला. एक वळण काढलं. ते 'त' असेल, 'न' असेल, नाहीतर गंजानं पडलेला खड्डा असेल. पुसलं. दुसरं काढलं आणि तेही पुसलं. मामा माझ्या शेजारी उकिडवा बसून पाटीकडं बघत होता.

"घाई न्हाय," तो म्हणाला. "सगळं नगं. पयलं अक्षार तेवढं काढ."

चाक मी मुठीकडून टोकाकडं नेलं होतं. पहिलं अक्षर सगळ्यात आधी गेलं होतं.